बूथकडे तोंड, गाण्याकडे पाठ

गेल्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी माझी भाची मला कोरेगाव पार्कातल्या एका क्लबमध्ये घेऊन गेली. ती खराडीच्या एका आयटी कंपनीत नोकरी करते आणि आठवड्याचा शीण काढायला तिला हीच जागा लागते. निघण्यापूर्वी तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मला चार वेळा तरी ऐकवले, की आज बाहेरून मोठा डीजे येणार आहे, त्याच्या नावावर तिकीट नेहमीच्या दुप्पट आहे आणि तरीही ते बुधवारीच संपले. रात्री साडेबाराच्या सुमारास मध्येच एक गाणे लागले. एका बाईचा किंचित घोगरा आवाज, न कळणाऱ्या भाषेतल्या दोनच ओळी पुन्हा पुन्हा, आणि त्याखाली कातड्याच्या कुठल्याशा वाद्याचा, आपल्या संबळाची आठवण व्हावी असा तुटक ठेका. मला ते विलक्षण आवडले. भाचीच्या कानाशी तोंड नेऊन मी विचारले, ‘‘हे कुणाचं गं?’’ तिने डीजेचे नाव सांगितले. ‘‘वाजवणारा कळला गं, गाणं कुणाचं?’’ तिने मैत्रिणीकडे पाहिले, मैत्रिणीने फोन वर धरला, गाणी ओळखून देणारे ॲप थोडा वेळ फिरत राहिले आणि काही सापडले नाही असे सांगून थांबले. तोवर ते गाणे पुढच्या गाण्यात विरघळूनही गेले होते. दीड वाजता आम्ही बाहेर पडलो तेव्हा ज्या संगीतावर दोन तास नाचलो त्यातल्या एकाही गाण्याचे नाव चौघांपैकी कोणालाही सांगता आले नसते. डीजेचे नाव मात्र मनगटावरच्या कागदी पट्टीवरही छापलेले होते.

क्लबला जाणाऱ्या माणसाने जास्त मोल कशाचे मानावे, डीजेचे की संगीताचे, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात आहे. माझे उत्तर ‘संगीताचे’ असेच आहे. परंतु हे उत्तर ज्या सोप्या रीतीने दिले जाते ती रीत मला मान्य नाही. ‘डीजे काय करतो? दुसऱ्यांची गाणी लावतो आणि हात वर करून उड्या मारतो,’ असे म्हणणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि माझ्या वयाच्या लोकांत तर तेच जास्त आहेत. त्यांच्या बाजूला जाऊन बसण्याची माझी इच्छा नाही, आणि त्याचे कारण आपल्याच शहरात दर भाद्रपदात रस्त्यावर उभे असते.

पुण्यात ‘डीजे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर, बाणेर इथे डीजे म्हणजे माणूस. पेठांत, उपनगरांत आणि जिल्ह्याच्या गावांत डीजे म्हणजे वस्तू, म्हणजे ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ‘आमच्या मंडळाने यंदा डीजे लावला’ हे वाक्य कोणी बोलले, की तिथे कोण वाजवणार होते, असे विचारणे कोणाच्या मनातही येत नाही. किती बेस आणि किती टॉप होते, हे विचारले जाते. त्या भिंतीमागे लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराचे नाव मिरवणुकीतल्या हजारोंपैकी दहा जणांना ठाऊक नसते. गाणी मात्र सगळ्यांना पाठ असतात. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर व्यक्तिपूजा शून्य आणि गाण्याची ओळख पूर्ण, असा हा प्रकार आहे. संगीताला मान आणि डीजेला दुय्यम स्थान हे सूत्र एवढ्या शब्दशः दुसरीकडे कुठेही अमलात आलेले नसेल. आणि तरीही त्या भिंतीसमोरून छातीवर हात दाबून गेलेला कोणीही माणूस तिथे संगीताचा मान राखला जातो असे म्हणणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंत पुढे सरकताना दुकानांची शटर थरथरतात, तेव्हा त्या आकड्यांचे काय झाले हे वेगळे सांगायला नको. तिथे गाणे हे बेसला दिलेले निमित्त असते. निवडणारा माणूस नको, फक्त गाणी हवीत, असे म्हटल्यावर गाण्यांचे काय होते ते पाहायचे असेल तर लक्ष्मी रस्त्यावर जावे.

तेव्हा डीजे नावाचा माणूस लागतो, आणि तो का लागतो हेही मी त्याच शुक्रवारी जवळून पाहिले. तिकिटावर नऊची वेळ छापलेली असेल तर नऊला पोचायचे असते, या पुणेरी समजुतीने मी भाचीला नऊलाच घेऊन गेलो होतो. ती वाटभर माझ्यावर रागावली होती, कारण अकराच्या आत तिथे कोणी फिरकत नाही. खरोखरच आत अकरा माणसे होती आणि त्यांतले चार वेटर होते. बूथमध्ये, म्हणजे डीजे उभा राहून वाजवतो त्या कठड्यामागे, पंचविशीची एक मुलगी वाजवत होती. पोस्टरवर तिचे नाव होते, पण ते शोधायला चष्मा पुसावा लागला. मुख्य कलाकार येण्यापूर्वी फ्लोअर तापवून ठेवण्याच्या या कामाला वॉर्म-अप म्हणतात, आणि ऑर्केस्ट्रात पहिले गणपतीचे गाणे म्हणणाऱ्याला जेवढी किंमत असते तेवढीच इथे या कामाला असते.

मी बूथच्या बाजूला उभा राहून तिचे हात पाहत राहिलो. हेडफोनची एक वाटी कानावर आणि दुसरी कानामागे, म्हणजे एका कानाने येणारे गाणे आणि दुसऱ्या कानाने चालू असलेले. दोन्हींचा ठेका जुळला की ती लगेच फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी पट्टी, सरकवत नव्हती. आधी जाणाऱ्या गाण्याचा खर्ज एका बटनाने हळूहळू काढून घ्यायची आणि तेवढाच येणाऱ्याचा वाढवायची, कारण दोन गाण्यांचे खर्ज एकावर एक आले तर दोन्ही चिखल होतात. मग बत्तीस ठोक्यांचे आवर्तन संपेपर्यंत थांबायची आणि जाणाऱ्या गाण्यातल्या बाईचा श्वास संपतो तिथे नव्या गाण्याचे झांजेचे अंग उघडायची. तबलजी समेवर येताना गवयाकडे पाहतो तसे ती समोरच्या रिकाम्या फ्लोअरकडे पाहत होती. साधारण पावणेदहाच्या सुमारास माझ्या लक्षात आले, की ट्रे घेऊन फिरणाऱ्या वेटरची पावले ठेक्यात पडू लागली आहेत. त्याला स्वतःला ते कळलेले नव्हते. तिला मात्र कळले होते, कारण ती पहिल्यांदा हसली आणि तिने गती किंचित वाढवली.

हे ‘गाणी लावणे’ नव्हे. याला कसब म्हणतात, आणि त्याला पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. न्यूयॉर्कमध्ये सँक्च्युअरी नावाचा क्लब एका जुन्या चर्चच्या इमारतीत चाले. तिथे १९७० च्या आसपास फ्रान्सिस ग्रासो याने दोन तबकड्यांचे ठेके जुळवून एक गाणे दुसऱ्यात न तुटता नेण्याचे तंत्र रुळवले. त्यापूर्वी एक तबकडी संपे, क्षणभर शांतता पडे आणि दुसरी लागे. १९७२ मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल बाजारात आणले. त्यात मोटर पट्ट्याने नव्हे तर थेट तबकडीची थाळी फिरवत असल्याने थाळी क्षणात पूर्ण वेग घेई. घरात बसून ऐकणाऱ्यांसाठी बनवलेले ते यंत्र डीजेंनी आपलेसे केले. शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवत असे आणि त्याच्या त्या जागेच्या नावावरून ‘हाऊस’ हे एका संगीतप्रकाराचे नाव पडले. म्हणजे डीजेच्या निवडीतून नवे संगीतच जन्माला आल्याचा दाखला आहे. तो दाखला नाकारून ‘संगीत मोठे, डीजे लहान’ असे म्हणता येत नाही.

मग मी संगीताच्या बाजूने का उभा आहे? कारण हे कसब ज्यासाठी होते ते साडेअकरानंतर माझ्या डोळ्यांदेखत उलटे झाले. मुख्य डीजे बूथमध्ये शिरला आणि तोवर एकमेकांकडे तोंड करून नाचणारी तीनशे-चारशे माणसे एका झटक्यात बूथकडे वळली. फोन वर गेले. ज्यांचे हात फोनमध्ये अडकले त्यांचे नाचणे खांद्यांपुरते उरले. त्यानेही गती एकदम वरची धरली आणि दर चार-पाच मिनिटांनी आवाज थोपवून, लाट उंच नेऊन आपटण्याचा तो खेळ, ज्याला ड्रॉप म्हणतात, सुरू केला. प्रत्येक ड्रॉपच्या आधी तो हात वर करी आणि फोन आणखी उंच होत. मला ते वाईट वाटले असे नाही. मीही आपटलो जात होतोच, आणि साडेबाराचे ते घोगऱ्या आवाजाचे गाणे त्यानेच लावले, हे मी विसरलेलो नाही. पण फ्लोअरचे आता प्रेक्षागृह झाले होते. प्रेक्षागृह झाले, की वाजवणाऱ्याला पाहण्यासारखे काहीतरी करावे लागते, आणि डीजेच्या कामात पाहण्यासारखे जवळपास काहीच नसते. बटन पाव इंच फिरवण्याचा व्हिडिओ कोण काढणार?

या उलट्या मांडणीला एकटा डीजे जबाबदार नाही. लंडनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या, डीजेंचे वाजवणे इंटरनेटवर दाखवणाऱ्या बॉइलर रूमने कॅमेरा डीजेसमोर आणि गर्दी त्याच्या पाठीशी, अशी रचना जगभर रूढ केली. त्यात नाचणारे लोक डीजेची पार्श्वभूमी झाले. मोठ्या महोत्सवांचे गणित त्याहून वेगळे आहे. सनबर्न २००७ मध्ये गोव्यात सुरू झाला आणि २०१६ मध्ये पुण्याजवळच्या केसनंदला आला. अशा मंचांवर पडद्यावरची चित्रे, दिवे, धुराचे फवारे हे सगळे गाण्यांशी आधीच बांधलेले असते. समोरचा जमाव पाहून पुढचे गाणे बदलण्याची मुभा जिथे यंत्रणाच देत नाही, तिथे डीजेचे मूळ कामच संपते आणि उरते ते नाव. आमच्या पुण्यात आणखी एक अडचण म्हणजे दीडला सगळे गुंडाळावे लागते आणि पब्लिक अकराला येते. अडीच तासांत सावकाश चढत जाणारी रात्र बांधता येत नाही. यमन संपला की लगेच भैरवी घ्या, असे गवयाला सांगण्यासारखे ते आहे. मालकांना दोष द्यावा तर त्यांचेही भाडे त्या अडीच तासांतूनच निघायचे असते.

इथे माझ्या मताला सर्वांत जड जाणारा आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो आहे. तिथे जाणारा पुणेकर कोणाला ऐकायला जातो? कलाकाराला. आज अमुक बुवा पूरिया गाणार म्हणून नव्हे, तर अमुक बुवा गाणार म्हणून जागा धरली जाते. बंदिश कोणाची हे विचारणारे थोडे. मग डीजेच्या नावावर तिकीट काढणाऱ्या माझ्या भाचीला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? हा आक्षेप मी बरेच दिवस मनात घोळवला. ख्यालगायक बंदिशीच्या चार ओळींतून पाऊण तास जे उभे करतो ते त्या क्षणी त्याच्या गळ्यातून निघालेले असते, डीजेचे तसे नसते, हे एक उत्तर आहे. पण ते अर्धेच आहे, कारण डीजेही क्रम त्या क्षणीच ठरवतो. जवळची तुलना शोधायची तर ती ख्यालात नाही, कीर्तनात आहे.

वारकरी कीर्तनकार स्वतःचा अभंग म्हणत नाही. तुकोबांचा किंवा ज्ञानोबांचा एक अभंग तो निरूपणाला घेतो आणि त्याच्या पुष्टीला नामदेवांचे, एकनाथांचे, चोखोबांचे चरण प्रमाण म्हणून आणतो. कोणते प्रमाण कुठे यावे, टाळकऱ्यांनी चाल कुठे उचलावी, श्रोता कुठे हसावा आणि कुठे गहिवरावा, हे सारे त्याच्या निवडीवर आणि वेळेवर ठरते. सगळी सामग्री दुसऱ्यांची आणि तरीही रात्र त्याची. गावात विचारतात तेही ‘आज कोणाचे कीर्तन?’ असेच विचारतात. डीजेच्या कामाचे याहून चांगले वर्णन मला कोणत्याही इंग्रजी मासिकात सापडलेले नाही. फरक एकच आहे आणि तो एकच फरक माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येते. कीर्तनकार कितीही गाजलेला असो, कर्त्याचे नाव गाण्यातच विणलेले असल्यामुळे ते उच्चारल्यावाचून त्याला गाणे पुरे करता येत नाही आणि मांडवातल्या शेवटच्या म्हातारीलाही कळते, की बोलणारे बुवा आहेत पण म्हणणारा तुका आहे. ख्यालाच्या बंदिशीतही ‘सदारंग’ असा ठसा येतो. डीजेच्या सेटमध्ये, म्हणजे त्याने सलग वाजवलेल्या गाण्यांच्या मालिकेत, गाणे शेवटच्या चरणापर्यंत पोचतच नाही. ते पुरे होण्याआधीच पुढच्यात मिसळले जाते आणि कर्त्याचे नाव सांगण्याची जागाच रचनेत उरत नाही.

हे नुसते नकळत घडलेले नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या एका इमारतीच्या सभागृहात कूल हर्क या तरुणाने बहिणीने ठरवलेल्या पार्टीत तबकड्या वाजवल्या आणि तो दिवस हिपहॉपचा जन्मदिवस मानला जातो. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लांबवायचा, ही त्याची युक्ती. हाच हर्क आपल्या तबकड्यांवरची कागदी लेबले पाण्यात भिजवून काढून टाकत असे, जेणेकरून प्रतिस्पर्ध्यांना गाण्याचे नाव कळू नये. शोधून आणलेले गाणे हेच ज्याचे भांडवल, त्याने ते लपवावे हे मी समजू शकतो. आमच्याकडे घराण्याच्या चिजा शिष्यालासुद्धा दहा वर्षे न सांगणारे उस्ताद होतेच की. पण लेबल पुसण्याचा पहिला परिणाम प्रतिस्पर्ध्यावर होतो आणि दुसरा त्या गाण्याच्या कर्त्यावर. तबकडी विकली गेली नाही तर नुकसान त्याचे होते.

त्याच काळात, त्याच न्यूयॉर्कमध्ये, दुसरा एक माणूस अगदी विरुद्ध टोकाला गेला होता. डेव्हिड मँक्युसो याने १४ फेब्रुवारी १९७० ला ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या माळ्यावर निमंत्रितांसाठी नाचाची रात्र भरवली आणि पुढे ती जागा ‘द लॉफ्ट’ म्हणून ओळखली गेली. तिथे दारू विकली जात नव्हती. मँक्युसोने काही वर्षांनी मिसळणे पूर्ण सोडून दिले. प्रत्येक गाणे पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, कर्त्याने जसे केले तसेच, तो वाजवी आणि मग थांबे. तो स्वतःला डीजेही म्हणवून घेत नसे. गाण्यांचा यजमान, असे त्याचे म्हणणे होते. मला हा माणूस आवडतो, पण तो प्रमाण मानावा असे मला वाटत नाही. मिसळण्याची कला त्याने सोडली म्हणून ती हीन ठरत नाही. तो एवढेच दाखवून गेला, की बूथमधला माणूस मागे सरला तरी नाच थांबत नाही.

कोणी म्हणेल, नाचायला आलेल्याला नावांशी काय कर्तव्य? आधीच पाच दिवस कंपनीत नावे, तारखा आणि एक्सेलचे रकाने. शनिवारीही यादीच वाचायची का? भाचीने मला हेच सुनावले. पण श्रोत्याने नाव मागितल्याने काय होते हे आपल्या देशाने पाहिलेले आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, ‘कामिनी’चे, नाव होते. त्या काळी पार्श्वगायकाचे नाव देण्याची रीत नव्हती. गाणे रेडिओवर लागल्यावर हा आवाज कोणाचा, अशी विचारणा श्रोत्यांनी चालवली आणि मग लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. ती विचारणा नाचणाऱ्यांइतक्याच सामान्य लोकांची होती. त्यानंतर आकाशवाणीवर गाण्याआधी गायक, संगीतकार, गीतकार अशी तिन्ही नावे सांगण्याची जी शिस्त बसली ती माझ्या पिढीच्या कानात इतकी भिनलेली आहे, की ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या माणसाला गदिमा कुठले आणि सुधीर फडके कुठले हे वेगळे शिकवावे लागले नाही. तो निवेदक म्हणजे आमचा डीजेच होता. तो निवडी, क्रम लावी, पत्र पाठवणाऱ्यांची गावे वाचून दाखवी आणि मग बाजूला होई. त्याची लोकप्रियता नावे सांगितल्याने कमी झाली नाही.

नाव हरवले की नुसता मान नव्हे, पैसाही हरवतो. गाणी सार्वजनिक जागी वाजवायची तर क्लबला परवाना शुल्क भरावे लागते. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी १९६९ पासूनची आयपीआरएस अशा संस्था ते गोळा करतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला वाटा कायद्याने पक्का केला. पण वाटा द्यायचा तर कोणते गाणे वाजले ते कोणीतरी लिहून ठेवायला हवे. चार तासांच्या मिश्रणात काय काय वाजले याची यादी जिथे डीजे देत नाही आणि क्लब मागत नाही, तिथे कोथरूडच्या खोलीत लॅपटॉपवर ट्रॅक बनवणाऱ्या मुलापर्यंत ते शुल्क कोणत्या वाटेने पोचणार? ज्याचे नाव पोस्टरवर मावत नाही, त्याच्यासाठी यादी हाच एक दरवाजा असतो.

डीजेच्या बाजूने सांगायची एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती मला माझ्या मतापेक्षाही प्रिय आहे. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्याची तबकडी काढली. ती कोणी विचारलीही नाही. तीच यंत्रे वापरून शिकागोच्या तरुणांनी ‘ॲसिड हाऊस’ म्हणून जे संगीत जगभर गाजवले ते त्यानंतर काही वर्षांनी आले. जुन्या भारतीय तबकड्या धुंडाळणाऱ्या एका डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग परदेशांतल्या मंचांवर ते राग वाजवायला गेले आणि २०१५ मध्ये वारले. नुसते संगीत, कितीही चांगले असले, तरी धूळ खात पडते. धूळ झटकणारा कान लागतो आणि तो कान असणे हीच डीजेची खरी विद्या आहे. पण या गोष्टीत त्या संग्राहकाने काय केले ते पाहावे. त्याने तबकडी शोधली आणि लेबल ठेवून दिले. त्याने ते भिजवून काढले असते तर जगाला एक अचंबित करणारा डीजे मिळाला असता आणि चरणजित सिंग मात्र कोणाला कळले नसते.

एवढ्यावरून डीजेला मान किती आणि कशाबद्दल द्यावा हे मला ठरवता येते. त्याच्या हात वर करण्याबद्दल देऊ नये, आधीच ठाऊक असलेली गाणी ठाऊक असलेल्या क्रमाने आपटण्याबद्दल देऊ नये आणि विमानाने आला म्हणून तर मुळीच देऊ नये. आत जाताना आपल्याला माहीत नव्हते असे एखादे गाणे बाहेर येताना आपले झाले असेल, तर त्याबद्दल द्यावा. हे माप लावायचे तर क्लबला जाणाऱ्यालाही काही करावे लागते. फोनवर मोठ्या अक्षरांत पंजाबी गाण्याचे नाव टाइप करून ते बूथसमोर नाचवणे, हा प्रकार मी त्या रात्री सहा वेळा पाहिला. तो पहिल्यांदा सोडावा लागेल. बुवांना निरूपणाच्या मध्यात ‘तो दुसरा अभंग घ्या की’ असे कोणी म्हणत नाही. बाकी उपाय किरकोळ आहेत. क्लबने दुसऱ्या दिवशी आपल्या इन्स्टाग्रामवर फोटोंच्या जोडीला वाजलेल्या गाण्यांची यादी टाकावी. ती द्यायला डीजेला दहा मिनिटे लागतात, कारण आजची यंत्रे ती स्वतःच नोंदवून ठेवतात.

हे मला कळले ते नऊ वाजता वाजवणाऱ्या त्या मुलीकडून. दीडनंतर ती फाटकाबाहेर पाठीला बॅग लावून रिक्षाची वाट पाहत उभी होती. मी तिला त्या घोगऱ्या आवाजाच्या गाण्याबद्दल विचारले. ती म्हणाली, ‘‘काका, मीपण तेच शोधतेय. त्याला विचारलं तर त्याने सांगितलं नाही.’’ मग तिने स्वतःच्या सेटची यादी फोनवर उघडून दाखवली. सत्तावीस गाणी आणि प्रत्येकापुढे करणाऱ्याचे नाव. त्यांतली तीन पुण्यातल्या पोरांची होती आणि एक तर वारज्याच्या मुलाचे, जे अजून कुठेच प्रसिद्ध झालेले नाही. भाचीने त्या यादीचा फोटो काढला आणि विचारले, ‘‘पण यादी सगळ्यांना दिलीस तर मग तुझं वेगळं काय राहिलं?’’ मुलीने रिक्षाला हात केला आणि म्हणाली, ‘‘हीच सत्तावीस तू लावून बघ ना एकदा, नऊ वाजता, रिकाम्या फ्लोअरवर.’’

भाचीने घरी लावून पाहिली. तिच्या मते चौथ्या गाण्यानंतर सगळे फसले. येत्या शुक्रवारी त्या मुलीचा सेट मुंढव्याला आहे आणि भाचीने नऊला निघायचे कबूल केले आहे. मैत्रिणी अकरालाच येतो म्हणतात.